मामांच्या संगणकातली अकोल्याची वेळ

अकोल्याच्या जुन्या शहरात राहणारे माझे मामा ज्योतिषी आहेत आणि माझा ज्योतिषावर काडीचा विश्वास नाही. हे दोघांनाही ठाऊक असल्यामुळे आमचं बरं जमतं. मी अमरावतीला एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत काम करते. मशीन बिघडलं की मामांना भाची आठवते, आणि मामी भरली वांगी करते म्हणून भाचीही फारसे आढेवेढे घेत नाही.

मध्यंतरी त्यांचा जुना संगणक कायमचा गेला. नवा आला, पण पत्रिका मांडायचा त्यांचा प्रोग्राम त्यावर चालेना. तो दर्यापूरच्या एका गणिताच्या मास्तरांनी फार पूर्वी त्यांच्यासाठी लिहून दिला होता. मास्तर आता हयात नाहीत आणि बाजारातला दुसरा कुठलाही प्रोग्राम मामांच्या पसंतीस उतरत नाही. शेवटी मी नव्या संगणकात एक आभासी संगणक बसवला. सोपं सांगायचं तर नव्याच्या पोटात जुना. नव्या पडद्यावर एक चौकट उघडते आणि त्या चौकटीत जुनी विंडोज सुरू होते. तिच्यात मास्तरांचा प्रोग्राम सुखानं चालला.

अडचण चौकटीची होती. एवढ्या मोठ्या पडद्याच्या मधोमध ती पोस्टकार्डाएवढी दिसायची आणि तिच्यातली अक्षरं मोहरीएवढी. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यात माऊस एकदा चौकटीत शिरला की बाहेर येत नसे. त्याला सोडवायला की-बोर्डवरचं उजव्या हाताचं एक ठरावीक बटण दाबावं लागे. मामा सगळीच बटणं दाबून पाहायचे आणि मग मला फोन करायचे.

डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या म्हणून मी वर्षभर त्यांच्या मागे लागले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आणखी उशीर केला तर उजव्या डोळ्याचं कठीण होईल. अमरावतीच्या दवाखान्यात खटपट करून मी तारीखही मिळवली होती. त्यांनी माझ्याकडे आठवडाभर राहायचं, असं ठरलं होतं. पण हा गृहस्थ दर दोन दिवसांनी फोन करून अमरावतीत ऊन कसं आहे, बडनेऱ्याला उतरल्यावर ऑटो मिळतो का, असलं काहीबाही विचारायचा आणि ऑपरेशनचं नाव न काढता फोन ठेवायचा. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, त्यातली गत. मला त्याचा राग यायचा.

चौकटीचा इलाज मात्र माझ्या हातात होता. आभासी संगणकासोबत काही मदतनीस प्रोग्राम मिळतात. ते आत बसवले की चौकट पडदाभर पसरते आणि माऊस मोकळेपणी आतबाहेर करतो. एका रविवारी मी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेले.

आधी मामांनी घड्याळ लावून घेतलं. हे त्यांचं जुनं व्रत आहे. देशाची घड्याळं ज्या रेघेवर चालतात ती तिकडे दूर पूर्वेला. अकोल्याचा सूर्य तिच्यापेक्षा बावीस मिनिटं मागे. त्यामुळे मामांचं संगणकातलं घड्याळ कायम बावीस मिनिटं मागे असतं, आणि देवघरातलं भिंतीवरचंही. अमरावतीचं अंतर एकोणीसच मिनिटांचं. तुमी लोकं आमच्यापेक्षा तीन मिनिटं पुढं, असं ते मला नेहमी चिडवतात. कोणी प्रश्न घेऊन आलं की विचारल्या क्षणाची कुंडली मांडायची, ही त्यांची पद्धत. प्रोग्राममध्ये त्यासाठी एक बटण आहे. ते दाबलं की प्रोग्राम संगणकातली वेळ उचलतो. वेळ चुकली की कुंडली चुकली.

मी चौकटीतल्या विंडोजचं घड्याळ बावीस मिनिटं मागे घेतलं आणि मग मदतनीस बसवायला घेतले. नसलेली सीडी लावल्याचं भासवायचं, 'पुढे' 'पुढे' करत जायचं, मध्येच विंडोज घाबरवते की हे खात्रीचं नाही, तिला न जुमानता पुढे जायचं, मग सगळं बंद करून पुन्हा सुरू करायचं. सुरू झालं आणि चौकट पडदाभर पसरली. अक्षरं बोराएवढी केली. मामा खुर्चीत मागे रेलले आणि कितीतरी वेळ नुसते पाहत राहिले. मामी म्हणाली, आता ऑपरेशन कायले पायजे. ती गमतीनं म्हणाली, पण मला ते आवडलं नाही. वांगी खाऊन मी संध्याकाळच्या गाडीनं परतले.

पंधरवडा गेला. ऑपरेशनला चार दिवस उरले असताना मामांचा फोन आला. येत नाही म्हणाले. प्रश्न मांडून पाहिला, उत्तर 'नाही' असं आलं, तारीख रद्द कर. एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी प्रयोगशाळेतच मोठ्यानं काहीतरी बोलले असणार, कारण मुलं माझ्याकडे बघायला लागली. मी तारीख रद्द केली नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून अकोला गाठलं.

मामा देवळात गेले होते. मामीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. मी संगणक सुरू केला, ती कुंडली एकदा डोळ्यांनी पाहावी म्हणून. मला त्यातलं कळत काहीच नाही. सहज नजर कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेली आणि मग हातातल्या मोबाइलकडे. दोन्हींत एकच वेळ.

हे मदतनीस आत बसले की आतल्या घड्याळाला बाहेरच्या घड्याळाशी जुळवून घेतात, कोणी मागेपुढे केलं तरी पुन्हा खेचून आणतात. ती सोय वेगळी बंद करावी लागते. हे मी पोरांना दरवर्षी शिकवते, आणि स्वतः घड्याळ आधी लावून मदतनीस नंतर बसवले होते. म्हणजे पंधरा दिवस मामांकडे जो कोणी आला त्याला चुकीच्या वेळेचं उत्तर मिळालं. माझा विश्वास नसेना का, त्या माणसांचा होता. मामांनी जन्मभर एवढी एकच गोष्ट जपली होती आणि मी येऊन ती नासवून गेले होते. मला फार लाज वाटली.

लाज ओसरायच्या आत दुसरा विचारही आला, तो लपवत नाही. मामांची स्वतःची कुंडलीही चुकलीच की. म्हणजे ते 'नाही' खोटं ठरलं.

मामा आले, हातपाय धुऊन बसले. मी सगळं सांगून टाकलं. चूक माझी, घड्याळ बावीस मिनिटं पुढे होतं, तुमचा प्रश्न पुन्हा मांडा. मग त्यांनी भिंतीतल्या देवळीतली वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. पंधरा दिवसांत आलेल्या प्रत्येक माणसापुढे दोन वेळा लिहिल्या होत्या, एक संगणकातली आणि दुसरी तिच्यातून बावीस मिनिटं वजा केलेली. कुंडली सगळ्यांची दुसऱ्या वेळेची होती, हातानं वेळ भरून मांडलेली.

"तू गेली त्याच सांजेले समजलं मले," ते म्हणाले. "पडदा मोठा झाला अन् पयले घड्याळच दिसलं. भिंतीवरच्याशी ताडून पाह्यलं."

मग मला का नाही कळवलं, मी विचारलं. तुले वाईट वाटलं असतं, म्हणाले.

मी वहीची पानं उलटत शेवटच्या नोंदीवर आले. ती त्यांची स्वतःची होती. तिच्यापुढे एकच वेळ होती, संगणकातली.

"मामा, इथं वजा नाही केलं तुमी."

"नाई केलं."

"काहून?"

मामी दारात येऊन उभी राहिली होती. मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग वहीकडे.

"बटन दाबलं अन् 'नाई' निघालं. मले तेच पायजे होतं. बरोबर वेळेचं काय निघते ते म्या पाह्यलंच नाई. पाह्यलं असतं अन् 'हो' निघालं असतं, तं जा लागलं असतं." मग ते म्हणाले, "भेव लागते मले, बाई. डोयात सुरी घालतेत ते."

वर्षभराचा राग कुठल्या कुठे गेला. सत्तरी ओलांडलेला माणूस, अर्धं जुनं शहर ज्याला विचारून पाऊल उचलतं, तो माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता. आपण याला वर्षभर नुसतं रागावत राहिलो, कधी शेजारी बसून विचारलं नाही, याचं मला वाईट वाटलं. मामी आत आली आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसली.

मी की-बोर्ड पुढे ओढला. बरोबर वेळ घालून पाहू का, विचारलं. बावीस वजा करायला कितीसा वेळ लागतो.

मामांनी माझ्या हातावर हात ठेवला. "नको पाहू. तूच सांग. होईन ना बरं?"

मी आजवर कोणाचं भविष्य सांगितलेलं नाही.

"होईन, मामा," मी म्हणाले.