सॉल्टर घळीत रविवारी जायचं नाही

वर्ला लिथगोच्या हातचा मार मी दोनदा खाल्लाय, आणि दोन्ही वेळा चूक माझीच होती, असं गावात कुणीही सांगेल. निदान तिच्यासमोर तरी सांगेल.

तिचा धंदा माणसं सोडण्याचा. सॉल्टर घळीच्या वरच्या तोंडाशी पहाटे माणसं उतरवायची आणि संध्याकाळी खालच्या तोंडाशी उचलायची. मधे दिवसभराची चाल. दोन्ही बाजूंना लाल भिंती, काही ठिकाणी इतक्या जवळ की पाठीवरची पिशवी काढून हातात धरावी लागते. बाहेर पडायला मधल्या टप्प्यावर एकच वाट, तीही चारी हातापायांनी चढायची. माझा धंदा त्याच भागात रुतलेल्या गाड्या ओढून काढायचा, शिवाय टायर. म्हणजे आम्हा दोघांचं पोट एकाच वाळूवर.

घळीत जायचं तर आधी वर्लाच्या स्वयंपाकघरात बसावं लागे. ती टेबलावर नकाशा पसरी, मधल्या वाटेवर मिठाची डबी ठेवी आणि विचारी, "इथं पोचायच्या आधी पाणी आलं तर काय करशील?" जो म्हणे, "पण आभाळ तर स्वच्छ आहे," त्याच्या हातावर पळी बसे. कारण आमच्याकडे पाणी आभाळातून येत नाही. पाऊस पडतो तो लांब वरच्या पठारावर, आणि इथं डोळे दिपवणाऱ्या उन्हात घळीतून ओंडके आणि धोंडे घेऊन चिखलाची भिंत चालून येते. मार खाऊनही लोक तिच्याकडेच येत. तिनं सोडलेलं माणूस परत येतं, असा तिचा लौकिक होता.

रविवारी मात्र ती कुणालाही सोडत नसे. घळीत उतरायचा परवाना सोडतीत निघतो, कित्येकांना चार चार वर्षं निघत नाही, आणि निघाला की तारीख बदलून मिळत नाही. रविवारचा परवाना घेऊन आलेली माणसं रडत, पाया पडत, भांडत. एकानं तिच्या व्हॅनची चावी हिसकावली, तेव्हा तिनं त्याची बोटं व्हॅनच्या दारात चेचली. बाहेरचे म्हणत, बाई धार्मिक असेल. आम्ही हसायचो. वर्ला रविवारी प्रार्थनेला जात नाही, आणि आमच्या पंथात वर्ज्य असलेली कॉफी अंगणात बसून सगळ्यांना दिसेल अशी पिते.

खरं कारण तिचा नवरा, थेन. तोही माणसं सोडायचा, शिवाय त्यांच्याबरोबर घळीत उतरायचा. घळीच्या कितीतरी वर, ओढ्याच्या काठी ऑर्सन बंधूंचं गुरांचं ठाणं आहे. ओढा फुगला की ऑर्सन खाली फोन करायचे, आणि कुणी घळीत जाणार असेल तर आम्ही त्यांना फोन करून विचारायचो. ही आमच्या बापजाद्यांपासूनची रीत. पण रविवारी ऑर्सन आणि त्यांचं सगळं घर प्रार्थनेला. थेन शेवटचा उतरला त्या रविवारी फोन करायचं काम वर्लाकडे होतं. तिनं केला. तो वाजत राहिला. मग तिनं फोन ठेवला, आणि आमच्यातल्या कुणीही म्हटलं असतं तेच ती म्हणाली, "कुणी उचलत नाही. म्हणजे काही झालं नसेल." तिकडे फोन रिकाम्या घरात वाजत होता आणि खिडकीबाहेर ओढा दुथडी वाहत होता.

थेन सापडला तो भिंतीतल्या एका खोबणीत, माझ्या दुप्पट उंचीवर. पाण्यानं त्याला तिथं ठोकून बसवला होता. मी आणि दोघांनी पहारी लावून काढला. अंगावर कपडा नव्हता, आणि पुष्कळ ठिकाणी कातडीही नव्हती. मयताच्या घरी आमच्याकडे चीज घातलेल्या बटाट्यांची भांडी आणतात. वर्लानं एकेक भांडं घेतलं आणि एकेक अंगणात आपटलं. काचा वेचता वेचता बायकांचे हात कापले.

तिची मुलगी ज्युनेल तेव्हा लहान होती. तिला सांगण्यात आलं की त्या दिवशी फोनची तार तुटली होती. गावानं ती तार तशीच तुटलेली ठेवली.

गेल्या ऑगस्टात ज्युनेल नवऱ्याला, कायलरला, घेऊन शहरातून आली. परवाना निघाला होता, रविवारचा. तिला बापाची जागा बघायची होती. शनिवारी संध्याकाळी वर्लानं मला जेवायला बोलावलं, बहुतेक मधे पडायला कुणीतरी असावं म्हणून. टेबलावर ज्युनेलनंच नकाशा पसरला आणि मिठाची डबी बरोबर जागेवर ठेवली.

"सोमवारी जा," वर्ला म्हणाली.

"परवाना उद्याचा आहे, आई."

"मग चुलीत घाल तो परवाना."

"तीन वर्षं वाट बघितलीय मी!"

"मी सोळा वर्षं बघतेय. तुझा बाप काही आला नाही अजून."

कायलर बिचारा म्हणाला, "आभाळ तर स्वच्छ आहे." मी त्याचा हात टेबलावरून वेळेत मागे ओढला. पळी लाकडावर बसली.

ज्युनेल उठली. "तार तुटली नव्हती ना, आई? ऑर्सन काकांच्या बायकोनं माझ्या लग्नात मला सगळं सांगितलं. बाबाला पाण्यानं नाही मारलं. तू मारलंस."

वर्लानं टेबलावरून वाकून तिच्या मुस्काटात दिली. ज्युनेलनं हाताला आलं ते उचललं. तो बिडाचा तवा होता. खाण तशी माती. तवा वर्लाच्या तोंडावर बसला, पुढचा दात नकाशावर पडला, त्यामागून रक्त. मी ज्युनेलला कमरेत धरलं तर तिनं टाच माझ्या नडगीवर हाणली. कायलर कोपऱ्यात उभा राहून "अहो, अहो" करत होता. वर्लानं तोंड पुसलं नाही. गवत कापायचा सुरा घेतला, बाहेर गेली आणि लेकीच्या गाडीचे चारही टायर फाडले. हवा सुटताना होणारा आवाज आम्ही आत उभे राहून ऐकला.

पहाटे ज्युनेल माझ्या दारात. "टायर दे."

"त्या मापाचे नाहीत," मी म्हणालो. माझ्या मागे तेच रचलेले होते.

"बरं. मग चालत जाते," ती म्हणाली आणि खरंच रस्त्याला लागली. कायलर दोन्ही पिशव्या घेऊन मागे.

एवढ्यात वर्लाची व्हॅन येऊन थांबली. तिचा ओठ सुजून नाकाला टेकला होता. ती लेकीकडे न बघता मला म्हणाली, "ही ऐकायची नाही. तू सोड यांना, आणि मग मधल्या वाटेच्या कड्यावर जाऊन बस, त्या वाकड्या जुनिपरच्या झाडापाशी. तिथं रेंज येते. बंदूक घे. मी ऑर्सनकडे जाऊन बसते." मग व्हॅन चालू करत, "माझ्या मुलीला मेलेली बाहेर काढलीस तर तिथंच राहा. गावात येऊ नकोस."

तीन बार म्हणजे पाणी, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी त्यांना वरच्या तोंडाशी उतरवलं आणि वळसा घालून कड्यावर पोचलो. आभाळ नुसतं निळं. दुपार झाली. मी सँडविच खाल्लं, वर्लाला दोन शिव्या घातल्या आणि ती उगाच घाबरतेय असं ठरवून टाकलं. तेवढ्यात फोन वाजला.

"आलं," ती म्हणाली. "पूल गेला. गाय गेली ओढ्यातून. मार बार!"

मी फोन टाकला आणि खाली तोंड करून तीन बार काढले. भिंतींनी ते कितीतरी वेळ वाजवले. कुणी दिसेना. परत तीन. मग ते दोघं वळणावरून धावत आले. मी वरून बोंबलत होतो, "चढ! पिशवी टाक! चढ!" ज्युनेल माकडासारखी वर आली. कायलर निम्म्यावर अडकला. आधी वारा आला, ओल्या मातीचा वास घेऊन, मग जमीन हलायला लागली, मग ते आलं. मी कड्यावरून उतरलो, ज्युनेलनं माझा पट्टा धरला आणि मी कायलरचं मनगट. एक ओंडका त्याच्या पायावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्या गर्जनेतसुद्धा मला ऐकू आला. त्याला आम्ही खडकावरून फरपटत वर घेतला, पोटाची सालं निघाली, पण घेतला.

ज्युनेल काठावर ओणवी होऊन बघत राहिली. समोरच्या भिंतीत थेनची ती खोबण होती. पाणी खोबणीच्याही वर चढलं होतं. ती नंतर ओकली.

कायलरला मोठ्या रस्त्यावर, एका ट्रकवाल्यानं बोलावलेल्या रुग्णवाहिकेत घातलं. तो म्हणाला, "तू आधी आईकडे जा." तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की वर्लाला कुणी कळवलेलंच नाही. माझा फोन त्या जुनिपरखाली पडला होता, चालूच. म्हणजे तिनं बार ऐकले, माझं बोंबलणं ऐकलं, पाणी ऐकलं. पुढचं काही नाही.

आम्ही पठारावरून लांबचा वळसा घेऊन ऑर्सनच्या ठाण्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ऑर्सन आणि त्यांची माणसं प्रार्थनेच्या कपड्यांत ओसरीवर उभी होती. आत जायची कुणाची छाती झाली नव्हती. ऑर्सन हळूच म्हणाले, "फोन सोडत नाही ती. मी हात लावला तर चावली." त्यांच्या हाताला फडकं बांधलेलं होतं.

आत वर्ला भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, जुन्या फोनचा रिसीव्हर कानाला घट्ट दाबून. कान लाल झाला होता. ज्युनेल तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"आई. मी आलेय."

वर्लानं तिला नीट बघितलं. चिखल, सोललेले कोपरे, सगळं. मग डाव्या हातानं अशी थोबाडीत दिली की ज्युनेल बाजूला कलंडली. कलंडलेली ज्युनेल तशीच सरकत आली, आईच्या मांडीत डोकं घालून मोठ्यानं रडली आणि वर्लानं तिचे केस मुठीत धरले. मला ते बघवलं नाही. मी खिडकीकडे वळलो, तर बाहेर ओढा अजून वाहत होता.

थोड्या वेळानं ज्युनेलनं डोळे पुसले, आईच्या हातातून रिसीव्हर सोडवला आणि जागेवर ठेवायला गेली. वर्लानं तिच्या मनगटावर फटका मारला.

"ठेवू नकोस," ती तुटक्या दातातून म्हणाली. "आज रविवार आहे."