माईक गुरुजींच्याच हातात

"आली, आली, लंगडी आली! वाट सोडा!"

गुरुजी लाऊडस्पीकरवर ओरडले आणि सगळा गाव हसला. मोखाड्याकडचा आमचा बोहाडा, सोंगांची जत्रा. देवांचे मुखवटे रातभर नाचले होते, आता उजाडलं होतं. तेवढ्यात एक पोरगा माझं सोंग घेऊन आला. माझ्यासारखं लुगडं, डोक्यावर हंडा, डावा पाय फरफटत. लहानपणी तापात माझा पाय गेला, तेव्हापासून मी तशीच चालते. हुबेहूब केलं मेल्यानं.

मला सवय आहे. लंगडी म्हणूनच मी मोठी झाले. पण समोर माझी तिसरीतली पोर मैत्रिणींत बसली होती. ती पण हसली. मग तिनं मला पाहिलं. मान खाली घातली. माझ्याकडं आली नाही. काळीज फाटलं हो माझं.

याच गुरुजींनी शाळेत दिव्यांग दिनाला मला शाल दिली होती. "अपंग म्हणायचं नाही, दिव्यांग म्हणायचं," असं पोरांना बजावलं होतं. तेव्हा आनंदानं रडले होते मी.

गर्दीतून वाट काढत त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, "गुरुजी, हे बंद करा."

"अगं, गंमत चाललीय. आता जत्रेत पण तोंडाला कुलूप लावायचं का? लोकशाही आहे. बोलायचं स्वातंत्र्य आहे."

"आहे ना? मग माईक द्या. मला बोलायचंय."

त्यांनी बटण बंद केलं. "घरी जा. सणाचा विचका करू नको."

मी तशीच ओरडले. सांबळाच्या दणदणाटापुढं कुणाला ऐकू जातंय! पुढच्या बायकांनी तेवढं पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

घरी येताना पोर पुढं पुढं चालत होती. मधेच वळून म्हणाली, "आये, उद्या शाळेत सोडाया येऊ नको."

बाजारात, दवाखान्यात, स्वतःच्या लग्नात 'लंगडी' हा शब्द गिळला. हे नाही गिळवलं. बांधावर बसून ढसाढसा रडले. पोर लांब उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी गेले. पार वर्गाच्या दारापर्यंत. ती रडली, तरी गेले.

आता 'तो शब्द बोलू नका' म्हणून मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. बोला की! पण पुढच्या बोहाड्याला माईक मला पण पाहिजे. नाही दिला, तर सोंगांच्या वाटेत बसेन. उठवायचं तर माझ्या नावानं हाक मारा. लंगडी म्हणालात, तर समोर देवाचं सोंग आलं तरी मी उठणार नाही.