सागाच्या फळीवरचं आडनाव

आम्ही बुद्धाचा धम्म घेतला त्याच्या पुढच्या वर्षी मी पुलगावात स्टेशनच्या रस्त्याला शिलाईचं दुकान टाकलं. जागा मिळाली, मशीन जुनी पण धावती मिळाली, हातात कसब होतं. अडलं कशावर, तर पाटीवर. आज कोणाला सांगितलं तर हसतील, पण त्या पाटीनं मला पंधरा दिवस धड जेवू दिलं नाही.

पाट्या करणारा माणूस हाडाचा सुतार, रंगारी मागाहून झालेला. त्यानं माझ्यापुढे तीन वस्तू मांडल्या: मांजरपाटाचा तुकडा, पत्रा आणि सागाची फळी. कापडाची पाटी वाऱ्यानं फाटते, पण नको वाटली तर गुंडाळून ठेवता येते. पत्रा आपल्याकडच्या उन्हात तापतो, रंगाचे पोपडे निघतात, पण अक्षरं पुसून दुसरी काढता येतात. सागाची फळी एकदा पटाशीनं कोरली की कोरली, नातवापर्यंत तेच नाव. एवढं सांगून त्यानं कानामागची पेन्सिल काढली आणि विचारलं, "लिवायचं काय? नुसतं नाव, का आडनावासकट?"

झालं! तिथंच माझं घोडं पेंड खायला लागलं. आमच्या भागात आडनाव ऐकलं की माणूस गावाच्या कोणत्या अंगाला राहतो ते न विचारता कळायचं. धर्म बदलला होता, घरातले देव गेले होते, आडनाव मात्र होतं तसंच होतं. आणि माझा धंदा कसला, तर माणसाच्या अंगाला टेप लावण्याचा. विटा विकत असतो तर गोष्ट वेगळी. गळा, छाती, दंड मोजल्याशिवाय सदरा होत नाही. आडनाव वाचून गिऱ्हाईक पायरीच चढलं नाही तर मशीनची काय पूजा करायची होती? आणि पूजाही आता सोडली होती.

मेहुणा म्हणाला, पत्रा घ्या, नुसतं 'टेलर' लिहा, पुढचं पुढे पाहू. बायको म्हणाली, अक्षरंच नको, कात्रीचं चित्र काढा, ते सगळ्यांना वाचता येतं. मला दोघांचंही पटलं. मग बाबांना विचारलं. बाबा जन्मभर गिरणीत कापसाचे गठ्ठे वाहणारे, अक्षराची ओळख नाही. ते म्हणाले, फळी घे, आणि पूर्ण नाव कोर. माझं डोकंच फिरलं. मी बोलून गेलो, "तुमचं काय जाते, बाबा? दुकान मले चालवायचं हाय."  त्यानंतर बरेच दिवस बाबांनी दुकानाचा विषय काढला नाही, आणि दुकानात पायही ठेवला नाही.

ऐकावं जनाचं, करावं मनाचं म्हणतात. पण मनाचंच ठरत नसेल तर माणसानं करावं काय? सकाळी मला पत्रा पटायचा, दुपारी कापड, आणि बाबांचा चेहरा पाहिला की फळी. सुताराकडे मी चार खेपा घातल्या. चौथ्या खेपेला तो वैतागून म्हणाला, "भाऊ, तुम्ही लगीन तरी इतक्या विचारानं केलतं का?" मला राग आला आणि रागातच तोंडातून निघून गेलं, फळी कोरा, आडनावासकट. याला कोणी हिंमत म्हणेल तर म्हणो, हिंमत वगैरे काही नव्हती. संध्याकाळी पत्राच करा म्हणून सांगायला धावत गेलो, तोवर आडनावाची दोन अक्षरं कोरून झाली होती.

पाटी लागली. गिऱ्हाईकं आली, अगदीच नाही असं नाही. पण जो तो पिशवीतून जुना सदरा काढायचा आणि कापायच्या टेबलावर ठेवून म्हणायचा, "याच्यावरून शिवजो." मी गळ्यातला टेप हातात घेईपर्यंत माणूस पायरीखाली. आता हे पाटीमुळे, की असंच? नमुन्याचा कपडा द्यायची रीत तेव्हा सगळीकडेच होती. मी समोरच्या टेलरकडे बिडी पेटवायच्या निमित्तानं तासभर बसून आलो. तिथं तिघांनी माप दिलं, दोघांनी जुना सदरा दिला. याच्यावरून काय समजायचं? मी होतो तिथंच.

महिनाभरानं गिरणीतला एक कारकून स्वतःच्या सदऱ्यावर चिडून आला. नमुन्याचा सदरा त्यानं लग्नाआधीचा दिला होता, आणि लग्नानंतर गृहस्थ चांगलाच भरला होता. मी धाग्याचाही फरक न करता शिवला, त्यामुळे नव्याची बटणं लागेनात. मीही तापट. म्हटलं, साहेब, सदरा बरोबर आहे, अंग तुम्ही दुसरं आणलं.  त्यानं दोन्ही हात बाजूला पसरले आणि म्हणाला, "मग आता घे माप."

मी टेप त्याच्या छातीभोवती फिरवला. आकडा वाचला आणि विसरलो. पुन्हा घेतला, पुन्हा विसरलो. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा तो वर पाटीकडे पाहत होता. म्हणाला, फळी सागाची दिसते, टिकेल. त्याला त्यातून काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा कळलं नाही, आजही सांगता येत नाही.

घरी जाऊन हे सांगितलं. बाबांनी जेवता जेवता एवढंच विचारलं, "त्याच्या पाठीले तुया हात लागला?"

"लागला."

"मंग?"

"मंग काही नाई. उद्या सदरा न्याले येतो म्हणाला."

बाबा ताटावरून उठले. मला वाटलं, राग अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात आले. पाटीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सरळ माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मायं बी घे माप." त्यांचे सदरे आजवर अंदाजानंच झाले होते. टेलर लांबून नजर टाकायचा आणि कापड बेतायचा, ढगळ झालं तर ढगळ.

मी टेप घेऊन पुढे झालो. बाबांनी मान खाली घातली होती आणि दोन्ही हात छातीशी जोडून धरले होते, गावच्या जमीनदारापुढे, मालगुजारापुढे, उभं राहावं तसे. मला तशात छातीचं माप घेता येईना.

"बाबा, हात खाली सोडा," मी म्हणालो.

त्यांना ते जमायला बराच वेळ लागला.