सुजाताचं रक्त

सुजाताचं रक्त चांगलं होतं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. तरी तिच्या आईसमोर मी म्हणालो, "रक्त थोडं कमी पडलं." ते खोटं होतं. आजवर हे मी कुणाला बोललो नाही, घरीसुद्धा.

मी अंधेरीत प्लास्टिक सर्जन आहे. सुजाता मरोळच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला होती. उजवा हात मशीनमध्ये गेला. हाताच्या पाठीवरची कातडी निघून आतले टेंडन उघडे पडले. टेंडन म्हणजे बोटं सरळ करणाऱ्या दोऱ्या. उघड्या राहिल्या की त्या सुकतात, मरतात. ऑपरेशनआधी तिनं एवढंच विचारलं, "बोटं सरळ होतील ना? मुलीच्या दोन वेण्या घालायच्या असतात रोज."

आम्ही ग्रॉइन फ्लॅप केला. म्हणजे जांघेजवळची कातडी एका बाजूनं तिथंच जोडलेली ठेवायची आणि उरलेली उचलून हातावर शिवायची. हात दोन-तीन आठवडे जांघेलाच राहतो. तोवर कातडीला रक्त जांघेतून मिळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रेसिंग उघडलं. फ्लॅप जांभळा. सुई टोचली तर काळपट रक्त भसकन वर आलं. म्हणजे रक्त आत जातंय, बाहेर पडत नाहीये. टाके मी घट्ट घातले होते. ते तिथल्या तिथे सोडायला हवे होते. पण सोडले असते तर सगळ्या वॉर्डला कळलं असतं. मी घाबरलो.

आमच्याकडे तेव्हा ग्रोथ फॅक्टरची हवा होती. पेशंटचंच रक्त मशीनमध्ये फिरवायचं आणि प्लेटलेट्सचा भाग, पीआरपी, फ्लॅपखाली टोचायचा. त्यातल्या द्रव्यांनी नव्या रक्तवाहिन्या वाढतील, ही आशा. "तुझंच रक्त तुला बरं करेल," मी सुजाताला म्हणालो. ती हसली. मी टोचलं. आधीच तटतटलेल्या फ्लॅपमध्ये आणखी पाणी.

दुपारी युनिट हेड सरांचा फोन.

"रंग काय?"

"थोडा निळसर, सर. पीआरपी दिलंय."

"टाके सोडलेस?"

"अजून नाही, सर."

"अरे, नव्या वाहिन्या यायला दिवस लागतात! तुझा फ्लॅप थांबणारे तोवर? तहान लागल्यावर विहीर खणायला बसलायस. सोड आधी!"

सोडले. बराचसा फ्लॅप वाचला, पण बोटांकडची कड काळी पडली. तिच्याखालचे दोन टेंडन गेले.

हे सांगायला गेलो, तेव्हा तिची आई मालवणीत लेकीवरच उखडली, उपास केल्यावर रक्त कुठून येणार म्हणून. "सांगी होतंय ना, उपास करू नको म्हणान! सोमवार, संकष्टी... रगात खंयसून येतला?" मग माझ्याकडे वळून, "तुमी तरी काय करतलात, डॉक्टर?"

"आई, गप ना," सुजाता म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. "रक्त थोडं कमी पडलं," हे मी तेव्हा बोललो. मला सुटल्यासारखं वाटलं, याची आजही लाज वाटते.

ती अजून ओपीडीत येते. दोन बोटं वाकलेलीच आहेत. मुलीचे केस तिनं बारीक कापून टाकलेत. पोरीला रोज बीट खायला लावते, "माझ्यासारखं हलकं रक्त नको हिचं." दुसऱ्या जागचा टेंडन लावून बोटं बरीच सरळ होऊ शकतात. मी दरवेळी सुचवतो.

"नको डॉक्टर. माझं रक्त कुठं टिकवतंय काही? परत तेच व्हायचं."

बाहेर तिचं नाव पुकारलं की मी समोरच्या कागदांत मान घालतो.

निळ्या फ्लॅपचे टाके आधी सोडायचे, बाकी सगळं मग. ज्युनिअर्सना मी हे ओरडून सांगतो. कुठं शिकलो, ते सांगत नाही.

सुजाताला मी एक वाक्य देणं लागतो. तुझ्या रक्तात काही कमी नव्हतं, टाके मी घट्ट घातले होते.