वाडीत ठेवलेली मतं

शेठचा निरोप आला तेव्हा मी सुरतेला, कतारगामच्या आमच्या खोलीत भाकरी थापत होते. आमचे हे त्याच्या कापडाच्या लूमखात्यात कामाला, खोलीसुद्धा त्याचीच. निरोप असा की, तुझ्या घरवालीला कडोदऱ्याच्या वाडीवर पाठव, तुमच्या खानदेशातले पाहुणे आलेत, त्यांना आमची गोड डाळ उतरत नाही. मला नाही म्हणायचं होतं. पण ज्याच्या छपराखाली राहतो त्याला नाही कसं म्हणणार? गेले.

हायवेपासून आत, आंब्याच्या झाडांत बंगला होता. फाटकाला साखळी आणि साखळीजवळ दोन दांडगे. मला वाटलं लग्नाचं वऱ्हाड असेल. पण पुरुष बनियनवर पत्ते कुटत पडलेले, बायका एका खोलीत कोंबलेल्या, आणि हसायचं म्हणून कुणी हसत नव्हतं. पहिली शेवभाजी फोडणीला टाकतानाच मी ओळखलं, हे वऱ्हाड नव्हे.

मग कळलं. आमच्या खानदेशात विधान परिषदेची एक जागा असते, तिला गावातली माणसं मत देत नाहीत. नगरपालिकांचे आणि जिल्हा परिषदेचे मेंबर मिळून देतात. मोजकी डोकी, म्हणून एकेका डोक्यावर पहारा. दुसऱ्या पार्टीने फोडू नये म्हणून यांना मतदानापर्यंत हद्दीबाहेर, सुरतेला आणून ठेवलं होतं. आणणारा माणूस उंच, गोड बोलणारा. सगळे त्याला भाऊ म्हणायचे. तो स्वयंपाकघरात डोकावून विचारायचा, "वहिनी, मतं जेवली का?" मतं जेवतात का रे मेल्या, माणसं जेवतात, असं ओठांवर यायचं. पण त्या दांडग्यांकडे बघून मी गपचूप भाकरी उलटायची.

सकाळी ओट्यावर भाऊंची शाळा भरायची. कोऱ्या कागदावर सराव. "फक्त आकडा लिहायचा. नाव लिहिलं, सही केली, अंगठा उमटवला, तर मत बाद." मग एकेकाला बाजूला घेऊन कानात सांगायचा की आपल्या माणसापुढे एक, आणि बाकीच्या नावांपुढे दोन, तीन, चार कुणापुढे लिहायचं. प्रत्येकाचा क्रम वेगळा, म्हणजे मोजणीच्या वेळी कुठला कागद कुणाचा ते बरोबर ओळखू येणार. अरे, मग गुप्त मतदान कशाला म्हणता? हसावं की रडावं कळेना.

बायकांमध्ये एक अगदी कोवळी पोर होती. बायकांच्या राखीव जागा नुकत्याच आल्या होत्या, नवऱ्याने तिला उभी केली आणि ती निवडून आली. ती सारखी मोरीशी येऊन पाठमोरी बसायची. मी भांडी घ्यायला गेले तर पदर बाजूला करून दूध पिळून टाकत होती. ब्लाउज पुढून ओला, अंग तापलेलं. मी दोन लेकरांची आई, मला काय सांगायला हवं?

"बाळ केवढं गं?"

"चार महिनानं. पोऱ्या शे," ती अहिराणीत म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "ताई, एक रात सापुताऱ्याला जायचं म्हणून घेऊन आले. बाटलीची सवय नाही त्याला. रोज इचारते, तं भाऊ म्हणतो, बाळ मजेत आहे. फोन लावू देत नाही."

नवरा गावीच होता, पण त्यानेच भाऊंना शब्द दिला होता, म्हणून त्याच्याकडूनही आशा नव्हती. तिच्या घरासमोर किराणा दुकान होतं. त्या दुकानाचा फोन नंबर तिने मला पाठ करायला लावला. बाळ कसं आहे एवढंच विचारायचं, बस. त्याच दिवशी भाजी आणायला मला टेम्पोतून कडोदऱ्याला पाठवलं. ड्रायव्हर पानाच्या टपरीवर रमला आणि मी शेजारच्या एसटीडी बूथमध्ये शिरले. नंबर पुटपुटत बटणं दाबली. दुकानदाराने हाक मारली आणि तिची सासू धावत आली.

"बाटली तोंडात धरत नाही वो. वरच्या दुधाने जुलाब लागले. सरकारी दवाखान्यात सलाईन लावलीय, बाप बसलाय त्याच्यापाशी." मग आवाज एकदम खाली गेला. "तिला सांगू नका बाई. भाऊंची माणसं आमच्या ओट्यावर बसलीत."

परत येताना मेथीच्या जुड्या मांडीवर घेऊन बसले होते आणि जीव नुसता टांगणीला लागला होता. ह्यांनी निघतानाच बजावलं होतं, "तोंडाला कुलूप लाव. शेठने काढलं तर गावाबाहेर कोसाडला झोपडं बांधायलाही जागा मिळणार नाही." खरं होतं त्यांचं. दोन लेकरं, पगार, छप्पर, सगळं त्या शेठच्या मुठीत. पण ती पोर फाटकाशी माझी वाट बघत उभी होती. तिचं तोंड बघितलं आणि माझ्याच्याने राहवलं नाही. स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगून टाकलं.

रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. पदर खोचला आणि तडक ओट्यावर गेली. पत्ते कुटणारे सगळे बघत होते.

"भाऊ, माले आत्तेच घर धाडा. मना पोऱ्या बिमार शे."

"कुणी सांगितलं तुला? अगं, मजेत आहे तो."

"नही धाडणार? मंग आयका. पेन मना हातमा राही. मी तठे एकना आकडा नही, मना पोऱ्यानं नाव लिखसू."

शपथ सांगते, पत्ते हातातल्या हातात राहिले सगळ्यांच्या. नाव लिहिलं की मत बाद, हे भाऊंनीच तर शिकवलं होतं. माझ्या मनात आलं, शाब्बास गं वाघिणी! भाऊ हसून म्हणाला, "एवढंच ना? बाळालाच इथं आणतो की. जीप पाठवतो."

आणि माझं मेलं तोंड! "अहो, सलाईनवरचं लेकरू जीपमधून कसं आणता एवढ्या लांब?"

भाऊ सावकाश माझ्याकडे वळला. "वहिनी, सलाईनचं तुम्हाला कसं कळलं?"

मी जीभ चावली. आता शेठला कळणार, ह्यांना काढणार, की त्याआधी हे दांडगेच काही करणार? भाऊ रागावला मात्र नाही. उलट जवळ येऊन गोड आवाजात म्हणाला, "बरं झालं. काळजी करणारं माणूस पाहिजेच. मतदानापर्यंत बाळाला तुम्हीच सांभाळा."

त्याने शिवी दिली असती तर मी एवढी घाबरले नसते.

जीप दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोवर त्या पोरीने अन्नाचा कण घेतला नाही, आणि मी देवाला काय काय बोलले ते सांगत नाही. नवापूर, सोनगड, सगळा खड्ड्यांचा रस्ता. गाडीत बाळाचं काही बरंवाईट झालं तर ते पाप कुणाच्या माथी? सासूने दुपटं उघडलं. डोळे खोल गेलेले, इवल्याशा हातावर सुईची पट्टी, रडायलासुद्धा आवाज नाही. पोरीने तिथंच मातीत बसून त्याला पदराखाली घेतलं. आधी तोंडच उघडेना. ती नुसती "पी रे बाळा, पी रे माय" म्हणत राहिली. मग एकदाचा चुटूचुटू आवाज आला. मी ढसाढसा रडले. वाटलं, सुटलो आपण.

कसचं सुटतोय! मतदानाच्या दिवशी पहाटेच निघायचं होतं. मेंबर बसमध्ये चढले. ती बाळाला घेऊन पायरीवर पाय ठेवते तोच भाऊंनी हात आडवा घातला. "बसमध्ये दाटी आहे. बाळ मागच्या जीपमध्ये, वहिनींजवळ. वाटेत पाजायला थांबू की." बोलणं इतकं साधं की भांडायला जागाच नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी हात पुढे केले. दुसरं काय करणार होते? पुढच्या सीटवर एक दांडगा, मागे मी आणि सासू. भाऊ बोलल्याप्रमाणे सोनगडला थांबला. तिने पाजलं आणि बाळ पुन्हा माझ्या मांडीवर आलं.

मतदान खानदेशात, तालुक्याच्या तहसील कचेरीत. समोर पोलीस होते, दोरी बांधलेली होती. बस फाटकाशी लागली. जीप रस्त्याच्या पलीकडे, लिंबाखाली, पण अशी उभी केली की बसमधून उतरणाऱ्याला आम्ही समोर दिसावं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मला बाळाला सांभाळायला आणलेलं नव्हतं. तिला दिसावं म्हणून आणलं होतं. ती उतरली, आमच्याकडे एकदा बघितलं आणि आत गेली.

बाळ उठलं, रडायला लागलं. आता त्याला आवाज फुटला होता. मी थोपटत होते. तिने रागाच्या भरात नाव लिहिलं तर? हे लोक माझ्या कुशीतून बाळ ओढून घेतील का? मी सोडेन का? सासू देवाचं नाव घेत होती. दांडगा खिडकीतून थुंकत होता.

ती बाहेर आली ती पळतच. मी दार उघडून उतरले तर दांडग्याने माझा दंड धरला. "थांब बाई. भाऊंची खूण होऊ दे." ती रस्त्याच्या मधोमध पोचली होती, हात पसरलेले, बाळ माझ्या हातात वळवळत होतं. आणि मी, दोन पावलांवर, त्याला छातीशी धरून उभी. कचेरीच्या फाटकात भाऊंनी मतपेटीजवळ बसवलेल्या आपल्या माणसाशी काहीतरी बोलून, तिने आकडेच लिहिलेत अशी खात्री करून, हात वर केला. दांडग्याने माझा दंड सोडला.

मी बाळ पुढे केलं. तिने ते माझ्याकडून हिसकावून घेतलं आणि माझ्यापासून मागे सरली. भाऊंकडे बघायची ना, तशीच माझ्याकडे बघत होती.