जोडीचा फोटो

फवारणीच्या हंगामात औषधाचं विष भिनून नवरा कपाशीत पडला. दवाखान्यातून जिता परत आला, पण बोलणं तिकडेच ठेवून आला. पुढे शहरातल्या एका मेंदूच्या संशोधन केंद्रातून बोलावणं आलं. डोक्याचा फोटो काढायचा, म्हणाले.

मी मोठी शहाणी. फोटो म्हटल्यावर जरीचं लुगडं नेसले, केसांत मूठभर आकडे खोचले, त्याच्या तोंडालाही पावडर फासली. आमचा जोडीचा फोटो कधी निघालाच नव्हता. राळेगावहून एसटीत उभ्याने गेले, पण लुगड्याची घडी मोडू दिली नाही.

केंद्रातल्या मुलीनं मला खालून वर पाहिलं. "मावशी, फोटो काकाच्या डोक्याच्या आतला हाय. तुमी बाहेर बसा. आत मोठं चुंबक हाय, आकडे वढून घेईन थे."

काचेतून पाहत बसले. थंडगार खोली, मधे पांढरा बोगदा. त्याच्या कानांत कापसाचे बोळे, तोंडावर पिंजरा, उजव्या हातात दाबायला रबरी फुगा. मशीन ठकठक करायला लागलं आणि त्याचा डावा हात खालीवर, खालीवर व्हायला लागला.

"काका, हलू नका."

दोनदा फोटो हलला. मुलगी म्हणाली, "भेले काका. आता एकडाव पाहू, नाही तं वापस जा लागन."

"भेला नाही वो. पंप मारून राह्यला थो." फवारणीच्या पंपाचा दांडा त्याच हाताने चालायचा. "मले आत घे, मी धरते हात."

"मंग समदं उतरवा लागन. जोडवे बी."

जोडवी साबणाने निघाली. केंद्राचा झगा घालून, भुंड्या पायांनी आत उभी राहिले. त्याचा हात आधी माझ्या हातालाच घेऊन खालीवर झाला. मग थांबला. मला रडू आलं नाही, देवही आठवला नाही. फरशी गार लागत होती, तेवढंच.

फोटो साफ आला. डॉक्टर म्हणाले, मोठं असं काही दिसत नाही. काही नाही म्हणजे बराच झाला, असं समजून मी स्टँडवर पेढे घेतले. राळेगाव येईस्तोवर बोलेल म्हणून एसटीभर त्याच्या तोंडाकडे पाहत बसले. तो खिडकीबाहेर पाहत होता. पेढा खाल्ला त्यानं. बोलला नाही, मरेपर्यंत नाही.

ती काळी फिल्म मी भिंतीला लावली आहे. नात विचारते, "आजी, हे काय होय?"

"आमच्या जोडीचा फोटो."

"मंग तू कुठी हायस?"

"बाजूले. मी हलली असती, तं थोही हलला असता."