तीच जुनी तक्रार

रोज सकाळी आत्या कामाला बसली की पहिली तक्रार मोठ्यांदा वाचायची, तीही लिहिणाऱ्याच्या सुरात. कधी चिडून, कधी काकुळतीला येऊन. "अहो, गिऱ्हाईक समोर उभं आहे आणि तुमचं बिल निघेना!" स्वयंपाकघरातून आई म्हणायची, "वन्सं, त्या दुकानदाराला म्हणावं जरा थांब, चहा निवतोय."

दुकानांसाठी बिलांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत आत्या तक्रारी निवडायची. बिघाड कुठला ते ओळखून तक्रार छपाई, नेटवर्क किंवा हिशेबाच्या खात्यात टाकायची. ऑफिसात तिला पोस्टमास्तर म्हणत. तिने लग्न केलं नव्हतं. आमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल होतं आणि त्यावर कायम पित्ताच्या औषधाची बाटली.

मग कंपनीने हे काम लँग्वेज मॉडेलला, म्हणजे मजकूर वाचणाऱ्या एआयला दिलं. आत्याकडे राहिलं ते तपासणं. मॉडेल चुकलं की बरोबर उत्तराचे नमुने देऊन त्याला शिकवायचं. ती त्याला बाळ म्हणायची. बाळ हुशार होतं, पण शब्द सारखे दिसले की तक्रारी एकात एक घालून मोकळं व्हायचं. 'बिल अडकतं' असं दोघांनी लिहिलं की दोन्ही छपाईत. मग एकाचा प्रिंटर बिघडलेला असो नाहीतर दुसऱ्याचं नेटवर्क तुटलेलं. त्या दुसऱ्याच्या तक्रारीवर 'जुनीच' असा शेरा पडे आणि तिच्याकडे कुणी बघत नसे.

"पण मॅडम, शब्द तर तेच आहेत ना?" तिच्या साहेबाने फोनवर विचारलं.

"रडणं तेच असतं हो. म्हणून काय दर वेळी भूकच लागलेली असते?"

फोनमधून हसण्याचा आवाज आला.

त्याच सुमारास तिचं पोट वरचेवर दुखू लागलं. डॉक्टरांकडे चला म्हणून आई मागे लागली.

"अगं, तेच पित्त. नवीन काय सांगू त्यांना?"

शेवटी बाबांनी नेलंच. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"कॉलेजात होते तेव्हापासून."

खोटं नव्हतं ते. पाठीतली कळ मात्र तिने सांगितली नाही. तिच्या लेखी ती बसून बसून आलेली. डॉक्टरांनी तीच बाटली पुन्हा लिहून दिली.

पुढे तिला अन्न जाईना, कपडे ढगळ झाले, डोळे पिवळे दिसू लागले. तेव्हा कुठे तपासण्या झाल्या. गाठ स्वादुपिंडात होती, आणि पसरली होती.

घरी आल्यावर आई भांडी आपटत म्हणाली, "दिवसभर त्या बाळाला शिकवत होतात, आणि स्वतःचं..."

"त्याच्यावर नजर ठेवायला मी होते गं," आत्या म्हणाली आणि चष्मा पुसत राहिली.

काही दिवस उशीला टेकून ती काम करत राहिली. बाळ आता त्या दोन तक्रारी वेगळ्या ठेवू लागलंय, असं एकदा तिने सांगितलं. मोठ्यांदा वाचणं मात्र बंद झालं होतं. मग लॅपटॉप कंपनीला परत गेला.

भेटायला येणारे विचारतात, शेवटी काय म्हणाल्या? आई सांगत नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच. दुपार होती, मी आत्याची चादर सारखी करत होते. डोळे न उघडताच ती म्हणाली, "पंखा दोनवर ठेव गं. तीनवर कुरकुरतो."